साहेबांसमोर ताठ

लढाईत माझ्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. म्हातारपणी घरात खायचीही ओढाताण सुरू झाली, तेव्हा मी राज्य सरकारच्या पेन्शनचा अर्ज भरला आणि त्यांना जऊळक्याहून वाशीमच्या कचेरीत नेलं.

निघण्याआधी बाबांनी तांब्यात निखारे घालून पँटला इस्त्री केली, नकली पाय बसवला, बूट चमकवले. साहेबांच्या टेबलापुढं त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि ताठ उभे राहिले.

"चालायला त्रास होतो का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर!"

साहेबांचं पेन अर्जावर थांबलं. माझं डोकंच फिरलं. मी तिथंच खाली बसले आणि बाबांची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. साहेबांनी एकदा त्या पायाकडं पाहिलं, मग उठून स्वतःची खुर्ची पुढं केली. बाबा काही बसले नाहीत.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "बाबा, खरं काहून नाही सांगितलं?"

"अफसरसमोर रडगाणं गाऊ काय?"

मंजुरीचं पत्र घ्यायला गेलो तेव्हाही तीच इस्त्री, तोच सॅल्यूट. पत्र खिशात घालून बाबा फाटकापर्यंत ताठ चालले. फाटक मागं पडलं आणि त्यांनी आपला सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.

"आता हळू चाल, पोरी. पाय लय दुखून राह्यला."

"कधीपासून?"

"लढाईपासून."