पायाळूचे तीन प्रश्न

"इंदूताई, एक लाथ मारायला तुम्हाला असा किती वेळ लागतो?"

साळवेभाऊ काउचवर कुशीवर पडून मला विचारत होते. अंगात आमच्या क्लिनिकचा निळा गाऊन, मागच्या नाड्या सुटलेल्या, गुडघे पोटाशी घेतलेले. काउचच्या पलीकडे सोनाली हातात छोटी हातोडी घेऊन उभी होती.

"मावशी, लाथ म्हणजे किक ना?" तिने मला विचारलं.

"हो."

"कोणाला मारायचा?"

"त्यांनाच."

सोनाली इथेच विलायतेत जन्मली, वॉटफर्डला. मराठी समजतं, बोलताना बाई-पुरुषाचा घोळ होतो. पण या वेळी घोळ तिच्या मराठीचा नव्हता.

ही गोष्ट दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी घडली. मी ऑस्टिओपॅथी शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या क्लिनिकमध्ये काम करत होते. शेवटच्या वर्षाची मुलं, सोनालीसारखी, तिथे खरे पेशंट बघतात, आणि त्यांच्या डोक्यावर एक ट्यूटर असतो. माझं काम गाऊन धुणं, काउचवरचा कागद बदलणं आणि शॅपरोन म्हणून बसणं. पेशंट कपडे काढून असला की खोलीत एक तिसरं माणूस लागतं, त्याला शॅपरोन म्हणतात. त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ही नोकरी मला बघूनच कुणीतरी काढली असावी. माझ्या लग्नात मी उखाणासुद्धा घेतला नव्हता. शेवटी नवऱ्यानेच दोन घेतले, एक त्याचा आणि एक माझा.

ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे, स्नायू, मणका हाताने तपासून हातानेच उपचार करणारा माणूस. चार वर्षं शिकावं लागतं. इथल्या कायद्याने नोंदणी केल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. एवढं सोपं आहे. पण सोनाली आमच्या बुद्धविहारात आली की बायका तिला गाठायच्या.

"म्हणजे मालिश का गं?"

"मालिश नाही, हाडवैद्य. आमच्या गावी होता एक, कोंबडीचं मोडलेलं हाडसुद्धा बसवायचा."

"मेडिकलला नंबर नाही लागला वाटतं."

एकीचा जावई अमेरिकेहून आला होता. त्याने सांगितलं की तिकडे ऑस्टिओपॅथ म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं देतात, ऑपरेशन करतात. ते खरंच आहे, पण ते तिकडे. त्या दिवसापासून अर्ध्या बायका तिला गोळ्या मागायला लागल्या. बाकीच्या अर्ध्या मालिशवर ठाम राहिल्या. क्लिनिकमधले गोरे पेशंट वेगळेच. ते आल्याआल्या मान पुढे करायचे आणि म्हणायचे, कटकन वाजव.

"मावशी," सोनाली एकदा चहा पिताना म्हणाली, "मी काय नाही, तेच सांगत बसतो. मी काय आहे ते सांगायचं म्हटलं की माझा टाइम संपला."

आता लाथेचं सांगते. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खातात आणि उसण गेली असं म्हणतात. का जाते ते मला माहीत नाही. जाते की नाही, तेही माहीत नाही. लहानपणी रोज सकाळी दारात कुणीतरी पाठ करून उभं असायचं आणि आई मला अंथरुणातून उचलून त्याच्या पाठीला लावायची. माझी शाळा चौथीत सुटली, लाथा सुटल्या नाहीत. इथे येऊनसुद्धा विहाराच्या स्वयंपाकघरामागे मी चार पाठींना पाय लावला आहे. चारही पाठी शिकलेल्या.

साळवेभाऊ मात्र त्यातले नव्हते. ते विहारात दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे, पाऊण तास, टाचण न बघता. बावन्न वर्षांचे, वेम्बलीहून बस चालवायचे. पाठ दोन आठवडे धरली होती. जीपीकडे म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हते, कारण तो पॅरासिटमॉल देतो. सुमनवहिनींनी, त्यांच्या बायकोने, त्यांना ओढून आमच्याकडे आणलं.

वहिनी बाहेर बसल्या होत्या. मी गाऊन द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"अहो इंदूताई, हे सकाळपासून तीनदा बाथरूममध्ये नळ सोडून उभे राहिले. अर्धा अर्धा तास. विचारलं तर म्हणतात, पाणी गरम व्हायची वाट बघतोय. आमच्याकडे पाणी गरम व्हायला अर्धा तास नाही लागत हो."

मी "हं" म्हटलं आणि आत येऊन खुर्चीत बसले.

पाठीच्या प्रत्येक पेशंटला सोनाली तीन प्रश्न विचारायची. सगळीच मुलं विचारतात. बसतो त्या जागेला बधिरपणा आहे का? लघवी-संडास नीट होते का? एक पाय दुखतो की दोन्ही? मी कोपऱ्यात बसून हे शेकडो वेळा ऐकलं होतं. इंग्रजीत ते फार गुळगुळीत करून विचारतात, नळाची व्यवस्था ठीक आहे ना, अशा थाटात. त्यामुळे पेशंटही गुळगुळीत उत्तर देतो.

"फाइन," साळवेभाऊ म्हणाले. "ऑल फाइन."

सोनालीने हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं. पाय उडाले. मग घोट्याच्या मागे केलं. उजवा पंजा हलला. डावा नाही. तिने पुन्हा मारलं. डावा पंजा हललाच नाही. ही हातोडी शिरेला हाक मारते, असं ती मला एकदा म्हणाली होती. डाव्या पायाने ओ दिली नव्हती.

या वेळी तिने मराठीत विचारलं. "काका, लघवी नीट होतो का?"

भाऊंचे कान लाल झाले. "पोरी, तू हाडांची ना? मग हाडं बघ. नळाला प्लंबर असतो."

"काका, ते पण माझा काम आहे."

"तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी."

आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी ती लाथ मागितली.

सोनालीने हातोडी खाली ठेवली. "मावशी, मी ट्यूटरला आणतो. काकांना हलू देऊ नका." आणि ती गेली.

ती जाताच भाऊ कोपरावर उठायला लागले. "बघा, ती येईपर्यंत मारा. नाहीतर मी निघालो. दोनची ड्यूटी आहे."

"बस चालवणार?"

"बस काय पाठीने चालवतात?"

बस पायाने चालवतात. आणि त्यांच्या डाव्या पायाने नुकतीच हातोडीची हाक ऐकली नव्हती. ते दारापर्यंत गेले असते तर मी त्यांना काय सांगून अडवणार होते? शॅपरोनने बोलायचं नसतं. वहिनींनी सांगितलेलं आत सांगितलं तर भाऊ तिथेच वहिनींना झापणार आणि दुप्पट जोराने फाइन म्हणणार.

मी खुर्चीतून उठले.

"भाऊ, लाथ अशी सरळ मारत नाहीत. आधी पायाळूला तीन गोष्टी विचाराव्या लागतात."

"हे मी कधी ऐकलं नाही."

"तुम्ही कसं ऐकाल? तुम्ही विरुद्ध बोलता."

मी पुढे रेटलं. "आणि उत्तर खोटं दिलं तर दुखणं पायाळूच्या पायात उतरतं. मला चार जिने चढून घरी जायचंय."

हे मी तिथल्या तिथे रचलं. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने मला लाथ मारली असती, आणि ती पायाळू नव्हती.

भाऊंनी दाराकडे बघितलं. "विचारा लवकर."

"बसच्या सीटवर बसल्यावर सीट लागते का बुडाला?"

"दोन दिवस झाले, कापसावर बसल्यासारखं वाटतं. मला वाटलं गॅरेजने सीट बदलली."

"शेवटची लघवी कधी झाली?"

"काल दुपारी." मग हळूच, "नीट म्हणाल तर काल दुपारी. नंतर थेंब थेंब."

"एक पाय दुखतो की दोन?"

"आधी डावा होता. आज सकाळपासून उजव्यातही कळ येते." त्यांनी पाठ माझ्याकडे केली. "झालं ना? आता मारा."

मी दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेले आणि ओरडले. नोकरी लागल्यापासून माझा आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे ट्यूटर दोन खोल्या पलीकडून धावत आला. मागून सोनाली. माझं इंग्रजी जेवढं होतं तेवढं एका दमात संपवलं: "नो फीलिंग सीट. नो टॉयलेट, यस्टर्डे. टू लेग्ज."

ट्यूटर उंच, शांत माणूस होता. त्याने सोनालीकडे बघितलं, आणि सोनालीनेच उत्तर दिलं. तिने आजाराचं नाव सांगितलं, ते लॅटिन आहे. त्याचा अर्थ घोड्याचं शेपूट.

नंतर तिने मला समजावलं ते असं. मणक्याच्या खालच्या टोकाला शिरांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. मणक्यांमधली गादी सरकून त्या झुपक्यावर बसली की लघवी, संडास आणि पाय, तिन्हींची लाइन दाबली जाते. मग दिवस नाही, तास मोजायचे. वेळेत ऑपरेशन झालं तर लाइन परत येऊ शकते. उशीर झाला तर माणूस जन्मभर नळी लावून फिरतो. आणि अशा पाठीला कुणी जोर लावला, मग तो ऑस्टिओपॅथ असो की पायाळू, तर आणखी वाट लागू शकते.

मी मारली नाही ते बरं झालं. मारायचा मोह झाला नव्हता असं मात्र नाही.

ट्यूटरने पुन्हा तपासलं, कापसाचा बोळा फिरवून. भाऊंना बोळा जाणवलाच नाही. ट्यूटरने ॲम्ब्युलन्स बोलावली आणि हॉस्पिटलला फोन करायला सोनालीला सांगितलं. ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, पलीकडे कोण होतं माहीत नाही. मला फक्त सोनालीची बाजू ऐकू येत होती.

"नो, नॉट अ जीपी... नो, नॉट मसाज... ऑस्टिओपॅथी. ओ, एस, टी... यस, स्टुडंट." मग तिचा आवाज बदलला. तिने फार स्वच्छ, फार हळू इंग्रजीत सांगितलं की पेशंटला कालपासून लघवी होत नाही, आणि मी जीपी असते तरी ते एवढंच खरं असतं.

मग ती आत आली. भाऊ भडकलेले.

"म्हणजे तू काहीच करणार नाहीस? नुसती पाठवून देणार?"

"काका, हात न लावणं, हेच मी करतो आहे."

"यासाठी चार वर्षं शिकलीस?"

"हे चौथ्या वर्षी शिकवतात."

भाऊ माझ्याकडे वळले. "आणि इंदूताई, तुम्ही मला फसवलंत."

"हो," मी म्हटलं.

वहिनी घाबरल्या होत्या म्हणून मी ॲम्ब्युलन्समध्ये सोबत गेले. हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर सोनालीची चिठ्ठी वाचताना गालात हसला. "ऑस्टिओपॅथ? आधी तिने तुमची पाठ मोडली का?" वहिनींनी भाषांतर मागितलं. मी केलं नाही. मग त्यानेही बोळा फिरवला, पोटावरून लघवीची पिशवी तपासली, आणि हसू पुसून स्कॅनसाठी फोन करायला पळाला. चिठ्ठी मात्र त्याने फाइलमध्ये पहिल्या पानावर लावली. एवढं मी बघितलं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जन वहिनींना म्हणाले की उद्या आले असते तर मी कसलीच खात्री दिली नसती. नळी सहा आठवडे राहिली, मग निघाली. डाव्या पायाचा अंगठा अजून वर उचलला जात नाही. बस चालवणं सुटलं. आता गॅरेजच्या ऑफिसात बसतात आणि इतरांच्या ड्यूट्या लावतात. ते जास्त आवडतं असं वहिनी म्हणतात.

विहारात त्यांनी यावर बोलायचं ठरवलं तेव्हा मी सोनालीला मुद्दाम बोलावलं. वाटलं, चला, आता तरी मालिश आणि हाडवैद्य बंद होईल. भाऊ अर्धा तास बोलले. शिरांच्या झुपक्याबद्दल बोलले, वेळेबद्दल बोलले, सोनालीचं नावही घेतलं. आणि शेवटी म्हणाले, "मी अंधश्रद्धा मानत नाही. पण इंदूताईंच्या प्रश्नांत काहीतरी आहे."

पुढच्या आठवड्यात तीन बाया माझ्याकडे आल्या. लाथ नको म्हणाल्या, प्रश्न विचारा. सोनालीलाही दोघींनी विचारलं की तूपण पायाळू आहेस का. तिने घरी फोन करून आईला विचारलं. सिझेरियन. बायकांनी नापसंतीने माना हलवल्या.

क्लिनिकच्या मॅनेजरबाईंनी मला बोलावलं. आभार मानले, चहा दिला, आणि एक लेखी सूचना दिली. सोनालीने ती मला वाचून दाखवली. शॅपरोनने पेशंटशी आजाराबद्दल बोलू नये, असं त्यात होतं. बरोबरच आहे. प्रत्येक शॅपरोन लाथ मारायच्या बोलीवर बोलायला लागली तर कॉलेज बंद पडेल.

सोनाली पास झाली. तिने जाताना एकच गोष्ट बदलली. नळ ठीक आहे का, असं विचारणं तिने सोडलं. ती विचारते, शेवटची लघवी किती वाजता झाली? त्याला माणूस "फाइन" म्हणू शकत नाही, आकडा सांगावा लागतो. तिला कुणी मालिशवाली म्हणो, डॉक्टर म्हणो, आकडा तोच येतो. ज्या प्रश्नाला "ठीक आहे" हे उत्तर चालतं, तो प्रश्न विचारलाच नाही असं धरायचं. मी या नोकरीत शिकले ते एवढंच.

दर सप्टेंबरला नवी मुलं येतात. पहिले काही आठवडे सगळी जुन्या पद्धतीने गुळगुळीत विचारतात आणि पेशंट म्हणतो, "फाइन." तेव्हा मी कोपऱ्यात खोकते. खोकण्याबद्दल सूचनेत काही लिहिलेलं नाही.