दारावरचं 'गो बॅक'

आमच्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा आमच्या दारावर इंग्रजीत 'गो बॅक' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं.

हे झालं कसं, ते सांगतो. मी आमच्या कापडे गावातल्या घरातला पहिला पदवीधर. (पहिला म्हणजे एकुलता एक. पण 'पहिला' म्हटलं की छाती जरा फुगते.) सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी मी महाडला क्लास लावला होता. तिथल्या सरांनी माझं इंग्रजी ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मिलिंद, तू शब्दकोश पाठ करू नकोस. राजकारणाच्या आणि मोर्चांच्या बातम्या वाच. माणसं बदलतात, पक्ष बदलतात, शब्द तेच राहतात!"

सर म्हणजे देवमाणूस. खरंच, रोज तेच शब्द! कुणीतरी 'डिमांड' करायचं, कुणीतरी 'कंडेम' करायचं, कुणीतरी कुणाला 'रिझाइन' म्हणायचं आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी कुणाला 'अनकंडिशनल सपोर्ट' देऊन मोकळं व्हायचं. (म्हणजे बिनशर्त पाठिंबा. सकाळी कंडेम केलेलं असायचं ते यालाच!) मुंबईला कपड्यांच्या दुकानात असलेला चुलतभाऊ शर्टाच्या खोक्यातले पुठ्ठे आणून द्यायचा. एका पुठ्ठ्यावर एक शब्द, लाल मार्करने, लांबून दिसेल असा. सगळे सुतळीला ओवून मी खाटेच्या वर टांगले होते.

माझी उजळणी ताई घ्यायची, तांदूळ निवडता निवडता. ती बारावी झालेली. घरातून एकालाच कॉलेजला पाठवता येणार होतं, तेव्हा "मिल्याला पाठवा" असं तिनेच सांगितलं होतं.

"बॉयकॉट म्हणजे?"

"बहिष्कार."

"वाक्यात वापर."

"मी... मी भाकरीला बॉयकॉट करतो."

"कर हां! उद्यापास्नं ताटच घेत नाय तुझं."

बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या पुठ्ठ्यांसमोर ते असे उभे राहायचे की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. शेजारपाजारच्यांना हाताला धरून आत आणायचे. "बघ रे. लाल दिसतंय ना, ते सगळं इंग्लिश हाय. आमच्या मिल्याला सगळं येतं." शेजारीही चपला काढून आत यायचे आणि मान वर करून गप्प बघत राहायचे.

अशात ताईला महाडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, वडील निवृत्त हेडमास्तर. मुलाचा फोटो टीव्हीवरून ताईच्या उशाखाली गेला होता. तिची एकच अडचण होती. "लग्नानंतर मला पुढं शिकू देतील का, ते मी विचारणार," असं ती म्हणाली, आणि आईच्या हातातलं उलथणं हवेतच राहिलं.

"मुलीनं विचारायचं नसतं गो! ते विचारतील, तू सांगायचं. असं स्थळ दारातनं परत गेलं म्हंजे?"

पाहुण्यांना आणायला मी फाट्यावर गेलो. इकडे बाबांच्या मनात आलं, शिकलेली माणसं येतायत, तर आपलं घरही शिकलेलं दिसायला पाहिजे. त्यांनी माझ्या खाटेवरची सुतळी सोडली आणि पुठ्ठ्यांची अख्खी माळ झेंडूच्या फुलांसकट दाराला तोरणासारखी बांधली!

मी पाहुण्यांना घेऊन अंगणात पाऊल टाकलं आणि तिथेच खिळलो. मधोमध 'गो बॅक'. डावीकडे 'बॉयकॉट' आणि 'कंडेम'. उजवीकडे 'रिझाइन'. आणि या सगळ्याच्या खाली, इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून, हसतमुख बाबा!

"जय भीम! या, या! आपलंच घर हाय!"

हेडमास्तर थांबले. डावीकडून उजवीकडे वाचू लागले, एकही शब्द न गाळता. (पेपर तपासायची सवय!) मग माझ्याकडे वळले. "हे आमच्यासाठी?"

"नाही सर! म्हणजे... या बातम्या आहेत सर!"

बाबांना वाटलं, कौतुक चाललंय. "सगळं पोरानंच लिवलंय! तुमच्यासाठी मुद्दाम दारावर लावलं!"

मुलाची आत्या मागून विचारत होती, "काय लिवलंय रे?" मुलगा शांतपणे म्हणाला, "काही नाही आत्या, स्वागत आहे."

पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या ताईने हे ऐकलं. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. (ती नजर मला अजून पुरते आहे.) पाहुणे आत येऊन बसले. तिने ट्रे त्यांच्यापुढे ठेवला, 'गो बॅक' उतरवून काखेत मारला आणि माळेतला दुसरा एक पुठ्ठा काढून पोह्यांशेजारी ठेवला. 'डिमांड'.

"बाकीचं सगळं मिल्याचं आहे," ती म्हणाली. "एवढं एकच माझं. मला लग्नानंतर बी.ए. करायचंय. इंग्रजी घेऊन."

आईने पदर तोंडाला लावला. तो शब्द मी पाठ करून करून गुळगुळीत केला होता, पण त्याने असं घर गप्प होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

हेडमास्तरांनी पोह्यांची बशी उचलली. "आम्ही महाडची माणसं," ते म्हणाले. "तळ्याच्या गावात राहून मागणीला भ्यायलो, तर पाणी कुठल्या तोंडाने प्यायचं? पण उत्तर मी नाही देणार. ज्याला विचारलंय, त्याने द्यावं."

मुलगा उठला आणि सरळ दाराकडे गेला. निघाला वाटतं! आईने डोळे मिटले. तो झेंडूची फुलं बाजूला करत पुठ्ठे चाळू लागला, एक सोडवून घेऊन परत आला आणि त्याने तो ताईच्या पुठ्ठ्याला खेटून ठेवला. 'अनकंडिशनल सपोर्ट'.

"काय म्हणतायत रे?" बाबांनी हळूच विचारलं.

"हो म्हणतायत, बाबा."

"बघ! तुझी आई नको म्हणत होती. मीच म्हटलं, इंग्लिश लावू या!"

ताई आज इंग्रजी घेऊन बी.ए. आहे आणि शिकवण्या घेते. माझ्या परीक्षेत मात्र उतारा आला तो फुलपाखरांवर. त्यांच्यात ना मोर्चा, ना राजीनामा, ना कुणाचा कुणाला पाठिंबा! मी साफ आपटलो. हल्ली दर रविवारी कापड्याहून एसटी पकडून ताईकडे इंग्रजी शिकायला जातो. अभ्यास न करता गेलो, तर ताई बोलत नाही. नुसता एक जुना पुठ्ठा दाराला अडकवते.

लाल अक्षरं जराही फिकी झालेली नाहीत. मार्कर चांगला होता.