सुजलेल्या पायांचं रजिस्टर

केसपेपरवर मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बरी होऊन घरी’. माझ्या हातातल्या पोस्टकार्डावर तिच्या दिरानं लिहिलं होतं, ‘वहिनी सोमवारी वारल्या. डावा पाय सुजला होता. चुलीपाशी बसल्या होत्या, दम लागला आणि गेल्या.’

बाई राजापूरजवळच्या खेड्यातली. सव्वीस वर्षांची. सिझेरियन झालेलं. दोन्ही कागद घेऊन मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. दार वाजवलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी फिजिशियन होते, मुंबईहून नुकतीच शिकून आलेली. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख सर्जन. हात उत्तम. पण त्यांचा एक नियम होता. पोटाचं ऑपरेशन झालं की आठ दिवस पलंग सोडायचा नाही. टाके जपायचे.

माणूस पडून राहिला की पायातलं रक्त मंदावतं. खोल शिरेत त्याची गाठ होऊ शकते. मग पाय, बहुधा एकच, सुजतो आणि ठणकतो. गाठीचा तुकडा सुटला तर तो फुप्फुसात जाऊन अडकतो आणि माणूस बघता बघता जातो. बाळंतिणीला हा धोका जास्त. हे मी त्यांना रुजू झाल्या झाल्या सांगितलं होतं.

“हा गोऱ्यांचा रोग,” ते म्हणाले होते. “आपल्याकडे नाही होत.”

“कोणी मोजलंय का, सर?”

“तुम्ही मोजा.”

मोजायला लागले. एक जाड रजिस्टर घेतलं. वॉर्डच्या मयेकर सिस्टरनी शिंप्याची टेप आणली. दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या दोन्ही पोटऱ्या रोज मोजायच्या. किती दिवस पडून, कशासाठी, सगळं लिहायचं.

“ओ डॉक्टर, बऱ्या पायांचं काय करायचंय?” सिस्टरनी विचारलं.

“नुसते सुजलेलेच लिहिले तर तुलना कशाशी करणार?”

घरी गेलेल्यांचं काय होतं, ते मात्र कळत नव्हतं. ही गाठ पुष्कळदा घरी गेल्यावरच दगा देते. म्हणून प्रत्येकाला पंधरा दिवसांनी जोडकार्ड टाकायचं ठरवलं. एका कार्डावर आमचे प्रश्न, दुसरं उत्तरासाठी, त्यावर रुग्णालयाचा पत्ता. राजापूरचं कार्ड असंच आलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं. “टाके छान भरले होते हिचे.”

“टाके भरलेच होते, सर. डावी पोटरी जाड झाली होती. रजिस्टरमध्ये आहे. ‘घरी सोडू नये’ असं मी केसपेपरवर लिहिलं होतं.”

“पोस्टमॉर्टेम झालंय? मग गाठच होती कशावरून?”

“एका बाईवरून नाहीच सांगता येत. म्हणून तर रजिस्टर आहे. पानं उलटून बघा. सुजलेले पाय बहुतेक तुमच्या आठ दिवसवाल्यांचे आहेत.”

“म्हणजे मी मारली तिला?” त्यांनी माझ्या हातातून रजिस्टर ओढलं, कपाटात टाकलं, किल्ली खिशात घातली. “रुग्णालयाची बदनामी चालवलीय तुम्ही.”

“बाई मेली, आणि तुम्हाला बदनामीची पडलीय?” मी ओरडले. बाहेरच्या ओपीडीच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याची. तिला सोडल्याचं मला त्याच दुपारी कळलं होतं, पलंग रिकामा दिसला तेव्हा. मी चिडचिड केली आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. मागे माणूस पाठवला नाही.

रजिस्टर कपाटात गेलं, पण टाकलेली कार्डं परत येतच होती. त्या दिवसापासून रुग्णालयाची डाक आधी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर जायला लागली. ‘पाय बरा आहे.’ ‘पाय बरा, बाळही बरं.’ वाचून ते शिपायाबरोबर माझ्याकडे पाठवायचे.

मग एक दिवस ते स्वतःच कार्ड घेऊन ओपीडीत आले. संगमेश्वरहून आलं होतं. एका सासूनं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, ‘सुनेची पोटरी फुगली आहे. रोज तेल लावून चोळते. आणखी काय करू ते कळवा.’

“चोळतायत,” ते म्हणाले. “जीप पाठवलीय मी.”

चोळण्यानं गाठ सुटू शकते. संध्याकाळी जीप सुनेला घेऊन आली. सासू सारखी सांगत होती, “मी रोज रगडीत होते ओ बाय, उतार पडंल म्हनून. माजं काय चुकलं?”

“तुमचं नाही चुकलं,” मी म्हटलं. मोठे डॉक्टर शेजारीच उभे होते.

रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आमच्याकडे थोडंच होतं. उरलेलं कोल्हापूरहून मागवलं. सून वाचली, आपल्या पायांनी चालत घरी गेली. रजिस्टर माझ्या टेबलावर परत आलं. वॉर्डात त्यांच्या सहीची नोटीस लागली, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंटला उठवून चालवावं. कारण लिहिलं नव्हतं.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” सिस्टर म्हणाल्या.

“नाही. राजापूरला जीप गेली नव्हती.”

मोठ्या डॉक्टरांशी मी वर्षभर वाद घातला. त्यांना माझं म्हणणं कधीच पटलं नाही. पेशंटच्या घरचं पत्र पटलं. तेव्हापासून पेशंटचा पत्ता, गाव, वाडी, पोस्ट, तालुका, मी स्वतः लिहून घेते. क्लार्कवर सोडत नाही.