चार तारांचा सौदा

सावद्याच्या गुरांच्या बाजारात चुडामण आबा शिरले की व्यापारी आपापले बैल उन्हातून सावलीत नेतात, असं लोक म्हणत. खरंखोटं देव जाणे, पण आबांनी आयुष्यात कुठलीही वस्तू सांगितल्या किमतीला घेतली नव्हती, हे मात्र अख्खं गाव शपथेवर सांगायचं. बैल तर सोडाच, मेथीची जुडी घेतानाही ते ती उलटीपालटी करून मुळ्या बघत. डॉक्टरनं पंधरा रुपये सांगितले तर ‘बारा लावा, पुढच्या खेपेला बायकोलाही आणतो’ म्हणणारा माणूस. एकदा तर भटजींशी बोलून सत्यनारायणाचा एक अध्याय कमी करून घेत होते. शेवंताबाई मधे पडल्या म्हणून देव वाचला.

आबांना दुसरी देणगी होती कानाची. केळीच्या बागेत विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार. दुपारची भाकरी खाऊन आबा आंब्याखालच्या खाटेवर आडवे झाले की त्या घुमघुमीत त्यांना अशी झोप लागायची, की उशाशी बैलगाडी उलटली तरी कूस बदलायचे नाहीत. पण मोटार थांबली रे थांबली, की ताडकन उठून बसायचे. ‘लाईट गेली!’ शेवंताबाई म्हणायच्या, ‘यांचा कान चालू मोटारीवर नाई, बंद मोटारीवर राहतो.’

अशा माणसाच्या पोटी कौतिक जन्मला, आणि त्याला नाद लागला कशाचा, तर बेस गिटारचा! फैजपूरच्या कॉलेजात गेला नि तिथून ही लागण घेऊन आला. दिवसा बाप सांगेल तसं केळीला पाणी द्यायचं, खत टाकायचं, घड तोडायचे, आणि कार्यक्रम असला की जळगावच्या मोतीलालच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला पळायचं. पोरगं गुणी, निर्व्यसनी. तक्रारीला जागा नाही. पण नेमकं वाजवतं काय, हे आठ वर्षांत आबांना कळलं नव्हतं.

तसे ते एकदा गणपतीत जळगावला जाऊन पहिल्या रांगेत बसले होते. गाणारा गात होता, ढोलकीवाला बडवत होता, कॅसिओवाला एकटाच सतरा आवाज काढत होता. कौतिक आपला मागे उभा, चार जाड तारांवर हळूहळू बोटं फिरवतोय. आबांनी दोन तास कान टवकारले.

घरी आल्यावर म्हणाले, ‘सारे वाजवत व्हते. तू काय करू राह्यला व्हता?’

‘मीही वाजवतच होतो, आबा.’

‘मले नाई आयकू आलं.’

‘ते तसं वेगळं ऐकू येत नाही. ते सगळ्यांच्या खालून असतं.’

आबांनी मान वाकवून खाटेखाली पाहिलं आणि मग दिवा मालवून झोपून गेले.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चात मात्र गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी राहिली नाही. कौतिक वाजवायचा ते वाद्य मोतीलालचं होतं आणि वाद्याची मान वाकली होती. सूर लागेना. मोतीलालनं सरळ सांगितलं, ‘लग्नाच्या सिझनआधी स्वतःचं चांगलं वाद्य आण. नाहीतर कॅसिओवाला डाव्या हातानं तुझं काम करतो, मला तेवढं पुरे.’ कौतिकचं अन्नावरचं लक्ष उडालं.

त्यातच आबांचे साडू, झिपरू, धुळ्याहून आले. एसटीत ड्रायव्हर, तीस वर्षं धुळ्यात राहून बोलीसुद्धा तिकडचीच झालेली. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात, आणि वरपक्षाच्या हौसेखातर मोतीलालचा ऑर्केस्ट्रा ठरवायचा होता. साडूचं आणि साडूचं कधी पटलंय? ओसरीवर चहा पिता पिता झिपरू म्हणाले, ‘चुडामण भाऊ, तुना पोऱ्या ते नुसता उभा ऱ्हास. त्याले वगळा, अन एक माणूसना पैसा कमी करा.’

आबांच्या हातातली बशी तशीच राहिली. जन्मभर दुसऱ्याच्या मालाची किंमत पाडणाऱ्या माणसाच्या ओसरीवर बसून, त्याच्याच घरचा चहा पीत, कुणीतरी त्याच्या पोराची किंमत पाडत होतं. आणि बोलायची सोय नव्हती, कारण मनातून आबांनाही तेच वाटत होतं. हे त्यांना जास्त लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून, टोपी घालून, उपरणं खांद्यावर टाकून ते कौतिकसमोर उभे राहिले. ‘कोठी मिळते तुझी ती गिटार? चल. पण मले पटलं तर घेऊ. नाई पटलं, तर पुन्हा त्या ऑर्केस्ट्र्याचं नाव काढू नको.’

कौतिकनं मान हलवली. दुसरं काय करणार?

पॅसेंजरनं दोघं भुसावळला उतरले. रेल्वे कॉलनीच्या मागच्या बाजूला लोबोसाहेबांचं दुकान होतं. लोबोसाहेब म्हणजे रिटायर गार्ड; जुन्या काळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, बँड वाजवलेला माणूस. दुकानात तबला नाही, पेटी नाही, नुसत्या गिटारी, ड्रम आणि एक अ‍ॅकॉर्डियन. गिटारी मात्र अशा, की नागपूर-इंदूरहून लोक शोधत यायचे. कौतिक वर्षभर ज्या बेस गिटारीवर डोळा ठेवून होता ती भिंतीवर मधोमध टांगलेली होती. अमेरिकन, पिकल्या केळीच्या सालीसारखी पिवळी आणि कडेला काळपट. तिचा मालक ऑस्ट्रेलियाला कायमचा गेला, जाताना लोबोसाहेबांकडे ठेवून गेला. किंमत चौदा हजार. त्या वर्षी एवढ्या पैशांत दीड बैलजोडी आली असती.

‘आधी दाखवा,’ आबा म्हणाले.

गिटार काउंटरवर आली. आबांनी तिला पाठीकडून पाहिलं, पोटाकडून पाहिलं. मग ती उचलून, नांगराची दांडी पाहतात तशी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. लोबोसाहेब चकित झाले. मान सरळ आहे का हे असंच पाहायचं असतं, आणि हे भल्याभल्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. कडेला जिथं हात टेकतो तिथं रंग उडाला होता. आबांनी त्यावर अंगठा फिरवला.

‘खांदा घासलाय. म्हणजे काम केलेलं जनावर आहे. नुसतं दावणीला उभं नव्हतं.’ मग तारा मोजल्या. दुसऱ्यांदा मोजल्या. ‘अन शेजारच्या त्या गिटारीले सहा तारा दिसतात मले. तिची किंमत?’

‘सहा हजार,’ लोबोसाहेब म्हणाले.

‘सहा तारांचे सहा. मग चार तारांचे चौदा कसे? दोन तारा कमी अन पैसे जास्त? हा कोणत्या गावचा हिशेब?’

कौतिकला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लोबोसाहेब मात्र हसले. ‘बाबा, मैं तीस साल गार्ड था. गाडीमें सबसे पीछे. किसीने देखा नहीं. लेकिन मेरी हरी झंडी के बिना गाडी हिली कभी? ये वैसा है.’

‘बरोबर,’ आबा म्हणाले. ‘मग रेल्वेनं तुम्हाला ड्रायव्हरपेक्षा पगार जास्त देला का?’

एवढ्यावर खरं तर दोनेक हजार सुटले असते. आबांनी बाजारच्या सवयीनं त्यांचा हात हातात घेतला आणि त्यावर उपरणं टाकलं, कारण गुरांच्या बाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. लोबोसाहेबांना वाटलं, म्हातारा नाडी बघतोय. ‘तबियत ठीक है, बाबा,’ ते म्हणाले.

आबांनी हात सोडला. ‘जाऊ द्या. आधी हा वाजवेल. मी आयकेन. मग बोलू.’

कोपऱ्यात एक वेताची खुर्ची होती, आबा तीत बसले. कौतिकनं पट्टा खांद्यावर घेतला, वायर पेटाऱ्याएवढ्या स्पीकरच्या खोक्यात खुपसली. लोबोसाहेबांनी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवला, पायानं ठेका धरला, आणि दोघं सुरू झाले. अ‍ॅकॉर्डियन छान वाजत होता. त्याची तान न तान आबांना कळत होती. पोराचं मात्र इथंही काही ऐकू येईना. आबांनी डावा कान पुढे केला. मग उजवा. मनात म्हणाले, संपलं. झिपरू बोलला ते खोटं नव्हतं. आठ वर्षं पोरगं उभंच राहिलं, आणि आज मलाच त्याला सांगावं लागणार. त्यांना फार वाईट वाटलं. पोराकडे बघवेना म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

सकाळपासूनची दगदग, उकाडा, डोक्यावर पंखा. बसल्या बसल्या आबांचा डोळा लागला. लागला म्हणजे कसा, हनुवटी छातीवर टेकली, आणि थोड्या वेळानं घोरणंही सुरू झालं. कौतिकनं पाहिलं नि त्याचा चेहरा उतरला. पण हात थांबवला नाही, पुन्हा असं वाद्य हातात येणार नव्हतं. लोबोसाहेबांनी झोपलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग कौतिककडे, आणि वाजवता वाजवता डोळ्यांनीच खूण केली: तू थांब.

कौतिकनं तारांवर पंजा ठेवला.

‘लाईट गेली!’ आबा ताडकन उभे राहिले.

डोक्यावर पंखा फिरत होता. बल्ब जळत होता. अ‍ॅकॉर्डियन तर मघापेक्षा जोरात चालू होता. बंद काहीच नव्हतं. आबांनी पंख्याकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर कौतिकच्या तारांवर ठेवलेल्या पंजावर आली. तिथंच थांबली.

‘वाजव,’ ते म्हणाले.

कौतिकनं वाजवलं. आबांनी खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला, मग छातीवर ठेवला.

‘थांब.’

कौतिक थांबला. अ‍ॅकॉर्डियन एकटाच पुढे गेला, पाणी नसलेल्या पाटासारखा.

‘हे तू व्हतास?’ आबांनी विचारलं. ‘त्या दिवशी जळगावलेही हे तूच व्हतास?’

‘हो, आबा.’

आबा खाली बसले. उपरण्यानं उगाच तोंड पुसलं. बाजाराचा पहिला नियम त्यांनीच गावातल्या पोरासोरांना शिकवला होता: माल आवडला हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि ते तर भर दुकानात उठून उभे राहिले होते! आता कसली घासाघीस नि कसलं काय. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुडकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

‘पुरे चौदा.’

‘आबा, थोडं कमी...’ कौतिक चाचरला.

‘तू गप राह्य.’ मग लोबोसाहेबांकडे वळून म्हणाले, ‘पट्टा तरी फुकट द्या. जनावर काय उचलून नेऊ?’ लोबोसाहेबांनी पट्टा दिला, वायर दिली, वर चहा पाजला. परतीच्या पॅसेंजरमध्ये गिटारीची पेटी आबांनी मांडीवरून खाली ठेवू दिली नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘काय शे बाबा, यामा?’ तर म्हणाले, ‘मोटार.’

घरी शेवंताबाईंनी विचारलं, ‘केवढ्याले देली?’

‘चौदा सांगत व्हता. शेजारची सहा तारांवाली दाखवली अन बारावर आणला,’ आबा म्हणाले आणि पाय धुवायला निघून गेले. कौतिकनं आढ्याकडे पाहिलं. शेवंताबाईंनी पेटी उघडून हळदकुंकू लावलं, तारा मोजल्या आणि म्हणाल्या, ‘दोन तारा कमी म्हणून दोन हजार कमी केले असतीन.’

मे महिन्यात धुळ्याला गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. झिपरूंनी अखेरपर्यंत एका माणसाचे पैसे कमी करायचा हट्ट धरला होता. मोतीलाल बधला नाही, कारण आता त्याच्या ऑर्केस्ट्र्यात अमेरिकन बेस होता. दिवे लागले, पंगती उठल्या, गाणी सुरू झाली. दोन्ही साडू पुढच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले. आबांच्या तोंडावर भलतीच शांतता होती. घरून निघताना त्यांनी कौतिकला एवढंच सांगितलं होतं, ‘मी टोपी काढली की थांबजो. घातली की वाजवजो. मोतीलाल काय म्हणीन ते मी पाहीन.’

तिसऱ्या गाण्याला मांडव रंगला. पोरं नाचायला लागली. झिपरूंचा चपलेतला पाय आपोआप ठेका देत होता. तरी ते आबांच्या कानाशी वाकून म्हणालेच, ‘दख, तुना पोऱ्या अजून उभाच शे.’

आबांनी टोपी काढली आणि तिनं वारा घेऊ लागले.

गाणारा गात होता. ढोलकी, कॅसिओ, सगळं चालू होतं. नाचणाऱ्या पोरांचे पाय मात्र अडखळले. झिपरूंचा ठेका थांबला. ड्रायव्हर माणूस, गाडी बंद पडली की पायाला आधी कळणार. ते खुर्चीत पुढे सरकले, दिव्यांच्या माळांकडे पाहिलं, मागे जनरेटरकडे पाहिलं.

‘काय बंद पडनं रे?’

आबांनी घाई केली नाही. मोतीलाल स्टेजवरून डोळे वटारत होता, त्यालाही वटारू दिलं.

‘काही नाई,’ ते म्हणाले. ‘माझं पोरगं थांबलं.’

आणि त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.