दुसरीच्या नावाने पळणारी

"तुझं नाव नको मला, पाय पाहिजेत फक्त," भुजंग सर म्हणाले.

"आन् बाकीची मी कुठं ठेवू? हितं, या फुटक्या फुटबॉलापाशी?"

"बेबे, तोंड आवर. सर हाय मी तुझा."

"होते. मॅट्रिक झाले मी आता."

"झाले म्हने! त्रेचाळीस टक्के! त्याला काय झालं म्हनायचं?"

"उषाला एकूनचाळीस हायेत. तिला बोलले का असं? तिथं तर पेढे खाऊन आलात. मिशीला अजून लागलेला हाय, बघा."

सरांचा हात आपसूक मिशीकडे गेला. पेढा-बिढा काही नव्हता. पण हात गेला, बेबीनंदाला तेवढंच पाहायचं होतं.

डोंगरवाकडीच्या शाळेतली ही खेळाच्या सामानाची खोली. सामान म्हणजे एक तुटका डंबेल, हवा गेलेले फुटबॉल आणि खो-खोचे दोन खांब. खांब खोलीत ठेवायचे, नाहीतर गावातले लोक गोठ्याला लावतात. या सगळ्याचे मालक भुजंग सर. सर मुळात चित्रकलेचे. शाळेत पी.टी.चा तास घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात शिटी अडकवली. ती त्यांना इतकी आवडली की ते लग्नाकार्यातही खिशात घेऊन जात. आयुष्यात सर कधी पळाले नव्हते. मैदानावर छत्री उघडून उभे राहायचे आणि ओरडायचे, "जल्दी! जल्दी! पायात काय मेंदी लावली का?"

बेबीनंदाची एक खोड होती. कोणताही माणूस दिसला की तो पळाला तर कसा पळेल, हे ती मनात बघायची आणि त्यावरून त्याची किंमत ठरवायची. सर पळाले तर पोट आधी पोचेल आणि सर मागून येतील. हेडमास्तर पळताना धोतर सावरतील की चष्मा, याचाच निकाल लागणार नाही. आणि उषाचे वडील, संस्थेचे अध्यक्ष रामराव? त्यांना तर लोडाला टेकल्या जागी दम लागतो. सगळं गाव पळवून झाल्यावर तिच्या हिशोबात उरायची ती एकटी आणि रामरावांचं काळं कुत्रं. कुत्र्याबद्दल तिला आदर होता.

"हे बघ," सर आता गोडीत आले. "गुरुवारी जालन्याला डी.एड. कॉलेजात पळून दाखवायचं हाय. खेळाडू पोरीसाठी एकच जागा हाय त्यांच्याकडं. उषाकडं तीन सालाचे सर्टिफिकेट बराबर हायेत. पन त्या खेळाच्या बाई म्हनत्यात, पळून दाखवा. आता उषा काय पळती, तुला तर माहीत हाय."

"उषा पळत न्हाई सर. उषा सरकती."

"म्हनूनच म्हंतो! अर्ध्या तासाचं काम हाय. उषा म्हनून उभी राहा, पळ, घरी ये. रामराव तुला बालवाडीत कामाला लावून घेतील."

"आन् ते सर्टिफिकेट कुनाच्या पायाचे हायेत?"

सरांनी शिटी उचलून तोंडाशी नेली. पण वाजवली नाही.

बेबीनंदा ही साहेबरावांची थोरली पोर. साहेबराव म्हणजे एका बैलाचा शेतकरी. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून त्यांची दर पेरणी सावडीवर व्हायची. आपला बैल दुसऱ्याच्या औताला द्यायचा, मग त्यानं त्याचा आपल्याला द्यायचा. सावडीत कोणी कागद करत नाही. आज तू, उद्या मी, एवढंच. साहेबरावांचं सगळं आयुष्य या एका विश्वासावर उभं होतं आणि आजवर त्यांना कोणी फसवलंही नव्हतं, कारण आजवर त्यांची सावड दुसऱ्या एकबैल्यांशीच होती.

पोर लहानपणी भाकरी घेऊन रानात जायची ती पळतच. नांगरलेल्या काळ्या ढेकळांवरून, डोक्यावर टोपलं, आणि कालवण सांडायचं नाही. खो-खोच्या पाटीवर ती आठवीत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा नऊ पोरींनी तिला धरायचा प्रयत्न केला आणि शेवटी एक पोरगी रडायला लागली. भुजंग सरांनी छत्री मिटली. त्यांच्या कारकिर्दीतला तो एकमेव व्यायाम.

त्या साली जिल्ह्याला, औरंगाबादला, संघ जायचा होता. नावं आधीच गेली होती आणि त्यात अध्यक्षांची उषा होती, कारण हेडमास्तरांना अध्यक्षांची मर्जी राखायची होती. नाव आता बदलता येत नाही, असं सरांनी सांगितलं. ते साहेबरावांच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "साहेबराव, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. पोरगी उषाच्या नावानं खेळू द्या. आपले कबड्डीचे गडी जत्रंत न्हाई का दुसऱ्या गावाच्या नावानं खेळत? कप आला की गावाचाच."

साहेबरावांना हे बिलकुल पटलं. "सावडच की," ते म्हणाले. "आज आपली पोर त्यांच्या औताला. उद्या त्यांना लागंल तवा ते येतीलच." अध्यक्षांच्या घराशी सावड झाली, या आनंदात त्यांनी सरांना चहा पाजला. बेबीनंदालाही तेव्हा छातीत भरून आलं होतं. अध्यक्षांच्या पोरीला आपले पाय लागतात, ही काय साधी गोष्ट? ते आठवलं की आता तिला स्वतःलाच पळवून बघावंसं वाटायचं, आणि ती स्वतःही काही फार वरच्या नंबरात यायची नाही.

औरंगाबादला बेबीनंदा पळाली. शेवटी कर्ण्यातून पुकारा झाला, "सर्वोत्कृष्ट खेळाडू, कुमारी उषा रामराव!" धुळीनं माखलेली बेबीनंदा टाळ्या वाजवत बसून राहिली. आपल्यालाच बोलावलंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मांडवात शेंगा खात बसलेली उषा मात्र नाव ऐकून सवयीनं उठली, फ्रॉक झटकला, स्टेजवर गेली आणि कप घेऊन आली. तिच्या पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, या मुलीकडून शिका, खेळूनही किती स्वच्छ! सगळ्या जिल्ह्याच्या डोळ्यादेखत हे झालं आणि एकालाही हसू आलं नाही. नववीत तेच झालं, दहावीत तेच. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्याच साली, दुष्काळ पडला, खेळ बंद पडले, बेबीनंदा खडी फोडायला गेली आणि अभ्यासाचे तीनतेरा वाजले. उषानं काही खडी फोडली नव्हती. तरी ती हिच्या मागंच राहिली. निदान तेवढं तरी तिनं स्वतःच्या ताकदीवर केलं.

आता डी.एड. झालं तर मास्तरीण, नाही झालं तर पुन्हा खडी. टक्केवारीवर दोघींना कोणी दारात उभं करत नव्हतं. राखीव जागासुद्धा साठाच्या पुढच्या पोरींनी भरल्या होत्या. उरली होती ती खेळाडूची एक जागा.

"सर," बेबीनंदा दारात थांबून म्हणाली, "गुरुवारी येते मी जालन्याला."

"शाब्बास! मला माहीत होतं..."

"माझ्या नावानं येते."

मागून शिटी वाजली. रागात वाजली की घाबरून, ते शिटीलाच माहीत.

गुरुवारी एकाच एस.टी.त सगळे होते. पुढच्या सीटवर रामराव, त्यांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. शेजारी उषा. मधे भुजंग सर, कोणत्या बाजूचे दिसावं हे न कळल्यानं मधे. मागे बेबीनंदा आणि साहेबराव. साहेबरावांनी कोरा सदरा घातला होता.

"बेबे, रामराव सोता आलेत बघ," ते हळूच म्हणाले. "म्हनलं न्हवतं का मी? सावड इसरत न्हाई मानूस."

"दादा, ते उषासाठी आलेत."

"उषासाठी बी, आपल्यासाठी बी. गाडी एकच हाय ना?"

बापाला तिनं कधी मनात पळवून बघितलं नव्हतं. त्यांची किंमत ठरवायची तिला भीती वाटायची.

कॉलेजच्या खेळाच्या बाई म्हणजे चिंचोलीकर बाई. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. चालणं असं की बेबीनंदानं मनात नोंद केली, ही बाई पळू शकते. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माणसात जमा झालं.

"तुझं सर्टिफिकेट?" बाईंनी विचारलं.

"तिच्याजवळ हायेत," बेबीनंदानं उषाकडं बोट केलं. "तिन्ही माझे हायेत."

रामराव खोकले. भुजंग सर म्हणाले, "बाई, पोरगी जरा तशीच हाय, म्हंजे डोक्यानं..."

"डोकं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "दोघी पळा."

कॉलेजच्या आठ मुली पाटीवर बसल्या, नववी धरायला उभी राहिली. आधी उषा. तिनं पहिला खांब गाठायच्या आतच धरणाऱ्या मुलीनं न पळताच हात लांब केला आणि तिच्या पाठीवर ठेवला, जसा ओळखीच्या बाईच्या पाठीवर ठेवावा. "अगं, मला धाप लागते," उषा म्हणाली आणि सावलीत जाऊन बसली. तिला काही वाईट वाटलं नाही. "तू पळ ना गं," ती बेबीनंदाला म्हणाली, "तुलाच येतं ते." हे ती इतक्या निर्मळ मनानं म्हणाली की बेबीनंदाला तिचा धड रागही करता येईना.

मग बेबीनंदा. वहाणा खांबाशी काढल्या, परकर खोचला. पहिल्या मुलीला हूल दिली, ती पाटीवरच्या मैत्रिणीवर जाऊन पडली. दुसरीनं खांबापाशी झेप टाकली, हातात धूळ आली. खो, खो, खो, मैदानभर नुसता कल्लोळ. आणि त्याच्यातून ही पोर अशी निघत होती, जणू त्या नऊ जणी वाऱ्यावर वाळत घातलेली लुगडी आहेत. शेवटी एकीनं पाटीवर बसकण मारली आणि म्हणाली, "बाई, हिला तुम्हीच धरा."

साहेबराव मैदानाच्या कडेला उभे होते. पोरीला पळताना त्यांनी फक्त रानात पाहिलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

चिंचोलीकर बाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. रामरावांना खुर्ची मिळाली. भुजंग सरांच्या कपाळावरचा घाम नाकावरून शिटीवर टपकत होता.

"मला काय आंधळी समजता?" बाई म्हणाल्या. "तीन वर्षं जिल्ह्याला कोण पळालं, ते बघितलं मी आत्ता."

बेबीनंदानं मान ताठ केली. भुजंग सरांनी खाली घातली. "बाई, गावाच्या इज्जतीसाठी..." ते पुटपुटले.

"पुढचं ऐका. कागद हिच्या नावाचे आहेत," बाईंनी उषाकडं पाहिलं. "ते मला बदलता येत नाहीत. आणि मी खोटं उकरायला गेले तर सगळे कप परत, शाळा बदनाम, आणि जागा जाईल तिसऱ्याच गावच्या पोरीला. मग या दोघींपैकी कुणालाच नाही. त्यात माझा काय फायदा? मला संघ पाहिजे." त्या बेबीनंदाकडं वळल्या. आवाज मऊ झाला. "म्हणून असं करू. जागा उषाला. तू इथंच राहायचं. होस्टेलच्या स्वयंपाकघरात मदतीला मुलगी लागतेच. जेवण, राहणं तिथंच. रोज माझ्याकडं सराव. सामन्याच्या दिवशी उषा म्हणून उतरायचं. काय?"

खोलीत एकदम मोकळा वारा यावा तसं झालं. भुजंग सर हसले. "मी हेच म्हनत होतो बाई! अगदी हेच!"

"बराबर," रामराव म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा सोडला. "पोरगी आमच्या घरचीच हाय."

उषानं दोन पेढे घेतले. एक बेबीनंदासमोर धरला.

बेबीनंदानं बाईंकडं पाहिलं. आत्ताच माणसात जमा केलेली बाई. तीही पळत होती खरी, पण रामरावांच्या कुत्र्यासारखी स्वतःच्या पायांनी नाही, दुसरीच्या.

"अगं, बोल ना," बाई म्हणाल्या. "नाहीतर गावी जाऊन काय करणार आहेस? त्रेचाळीस टक्क्यांवर तुला दुसरं कोण उभं करतंय?"

"हो म्हन बेबे," साहेबराव म्हणाले. टोपी अजून त्यांच्या हातातच होती. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळला होता. "सावडच हाय ही. दोन सालं आपली पोर त्यांच्या औताला. मंग ते आपल्याला जोडतील. जोडाल ना, रामराव?"

"अरे, म्हंजे काय!" रामराव पेढा चघळत म्हणाले.

साहेबरावांनी पोरीकडं पाहिलं. बघ, असं त्यांचा चेहरा म्हणत होता. सगळे तिच्याकडं बघू लागले. या पोरीचं तोंड आयुष्यात कधी बंद राहिलं नव्हतं, त्यामुळे ते काहीतरी लागट ऐकायच्या तयारीत होते. सरांनी तर सवयीनं मिशीवरून हात फिरवला.

बेबीनंदानं उषाच्या हातातला पेढा घेतला, बापाच्या हातातल्या टोपीत ठेवला आणि दाराची कडी काढली. मैदानात जाऊन खांबाशी ठेवलेल्या वहाणा तिनं उचलल्या, पायात घातल्या नाहीत. मागून बाईंनी हाक मारली, सरांनी शिटी फुंकली. फाटकापर्यंत ती चालतच गेली.