बारक्याच्या कॅसेटी

माझ्या धाकट्या भावाचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. हे आजचं नाही, तरुणपणापासूनचं दुखणं आहे, आणि वय झालं म्हणून ते कमी होईल असंही काही दिसत नाही. भाऊ वाईट असता तर बरं झालं असतं. चार लोकांत त्याला नावं ठेवून मोकळी झाले असते. पण तो इतका गरीब स्वभावाचा आहे की त्याच्यावर जळायचं म्हटलं तरी आधी आपल्यालाच लाज वाटते, आणि मग लाज वाटायला लावली म्हणून आणखी राग येतो.

घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात. आता साठी जवळ आलीय, पोट सुटलंय, गुडघे कुरकुरतात, तरी बारक्याच. गुडघे कुरकुरणारच, कारण उभं आयुष्य त्याने बुटांच्या दुकानात घालवलं. गिऱ्हाईक बाकड्यावर बसणार, हा खाली गुडघा टेकून बूट चढवणार, अंगठ्याशी दाबून बघणार, आणि म्हणणार, ‘‘थोडं चालून बघा. आरशापर्यंत जा.’’ मालक बदलले, दुकानाची पाटी दोनदा बदलली, हे वाक्य काही बदललं नाही.

आणि हाच माणूस गाणी करायचा. कुणाकडून तरी जुनं गिटार उचलून आणलं, चार सूर वाजवायला आपलं आपण शिकला, आणि त्या चार सुरांवर आजपर्यंत निभावून नेलं. गाणी तरी कसली? जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात त्यावर एक. जोडीतला एकच बूट चोरीला गेला त्यावर एक. एका मुलीने नंबर सात सांगितला, पण पाय आठचा होता, त्यावर तर त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं आहे:

सात म्हणालीस, पाय आठचा,
मी काही बोललो नाही.
थोडं चालून बघ,
आरशापर्यंत जा.

बस्स. इथे गाणं संपतं. संपतं म्हणजे काय, तुटतंच. पुढे गिटारसुद्धा नाही.

त्याचे तीन अल्बम निघाले. काढणारी कंपनी एका जिन्याखालच्या खोलीत होती आणि तिसऱ्या अल्बमनंतर ती खोलीही उरली नाही. न खपलेले खोके बारक्याच्या पलंगाखाली गेले. मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. आणि मनातल्या मनात जरा बरंही वाटलं. पण मग कुणीतरी ती गाणी इंटरनेटवर टाकली आणि तरुण पोरं त्याला शोधत दुकानात यायला लागली. बूट घ्यायचे नसताना बूट घालून बघायची, फक्त त्याच्या तोंडून ते ‘आरशापर्यंत जा’ ऐकायला. एकाने कुठेतरी लिहिलं, ‘उपेक्षित प्रतिभा’. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उपेक्षित म्हणे! आमच्या घरात याला शिंक आली तरी आई धावत यायची.

आता माझं ऐका. गाणं मी शिकले होते. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून बाईंच्या समोर बसून घोटून घोटून शिकले. सूर हलला तर बाई नुसत्या बघायच्या, तेवढ्याने रडू यायचं. शिकून झाल्यावर रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेले. काचेपलीकडच्या गृहस्थांनी ऐकलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, ‘‘आवाज चांगला आहे. पण असे चांगले आवाज आमच्याकडे खूप आहेत.’’ वाईट आहे म्हणाले असते तर मी भांडले असते. या उत्तराशी कसं भांडायचं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. पुढे मी शाळेत गाण्याच्या बाई झाले आणि पन्नास पोरांच्या कोरसमध्ये एकटी सुरात गात राहिले.

आणि बारक्याला सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. चाल त्याच्या डोक्यात असायची, गळ्यात यायची नाही. मग तो माझ्याकडे यायचा. ‘‘ताई, जरा सरळ करून दे ना.’’ मी तेव्हा माहेरीच होते. स्वयंपाकघराचं दार लावायचं, फ्रिजची घरघर टेपमध्ये येते म्हणून फ्रिज बंद करायचा, आणि टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवायचा. तो गुणगुणायचा, गुणगुणणं कसलं, रेकायचा, आणि त्यातून चाल हुडकून मी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट गायचे. फ्रिज चालू करायला आम्ही हमखास विसरायचो आणि दूध नासलं की बोलणी मला बसायची. माझी ती टेप कानाला लावून तो दुकानात जायचा-यायचा आणि चाल पाठ झाली की त्याच कॅसेटवर, पहिल्यापासून, स्वतःच्या आवाजात गाणं भरायचा. म्हणजे माझं पुसून. पुसलं जातंय हे मला माहीत होतं. ‘सराव आहे, त्यात काय’ असं मी म्हणायचे. तोंडाने.

गेल्या वर्षी त्याच्याकडे एक चष्मेवाला आला. तिशीतला, हसतमुख, घरातल्या एका खोलीतून जुन्या गाण्यांच्या तबकड्या काढणारा. त्याला बारक्याचा ‘दुर्मिळ संग्रह’ काढायचा होता. अल्बममध्ये न आलेली गाणी, स्वयंपाकघरातले कच्चे खर्डे, सगळं. बारक्याने माळ्यावरून बुटांची खोकी काढून दिली. आत कॅसेटी, आणि बाहेर ‘काळा, लेसवाला, नऊ नंबर’. कशात काय आहे, देव जाणे.

भावजयीने फोन करून मला हे सांगितलं आणि मी पुढच्याच रविवारी त्यांच्या घरी हजर झाले. बारक्याची आठवण आली म्हणून नाही. मला एकच गोष्ट बघायची होती. त्या ढिगात कुठे मी उरलेय का? एखादी कॅसेट तरी तो पुसायला विसरला असेल. या जन्मात माझा आवाज कुठे छापून यायचा असेल तर तो आता याच संग्रहात, नाहीतर कुठेच नाही. हे मी कुणाला बोलले नाही. जाताना बिस्किटांचा पुडा नेला.

चष्मेवाल्याने बैठकीच्या खोलीत संसार मांडला होता. टीपॉयवर टेप, शेजारी लॅपटॉप, जमिनीवर वायरींचं जाळं. बारक्या खुर्चीच्या कडेला बसून स्वतःचीच गाणी पाहुण्यासारखी ऐकत होता.

‘‘इथे ऐका,’’ चष्मेवाला डोळे मिटून म्हणाला, ‘‘आवाज कसा फाटलाय! किती खरा वाटतो!’’

‘‘माझा फाटला असता तर बाईंनी घरी पाठवलं असतं,’’ मी म्हटलं.

त्याला तो विनोद वाटला. भावजयीला वाटला नाही. ती मला ओळखून आहे. तिने गुपचूप चहा माझ्यापुढे सरकवला.

मग तो ‘पाय आठचा’ या गाण्याकडे वळला. ‘‘आणि हे शेवट! सगळ्या गाण्यांचे शेवट असेच तोडलेले. दुसरा कुणी असता तर ओळ पुरी केली असती. हे तिला आरशापर्यंत पाठवतात आणि सोडून देतात. केवढं धाडस लागतं त्याला! आमच्यातले कितीतरी जण आता असेच शेवट करतात.’’

बारक्या जमिनीकडे बघत होता. तो लाजतोय असं मला वाटलं, आणि माझा संयम संपला.

‘‘या कॅसेटवर आधी मी गायले होते,’’ मी म्हटलं. ‘‘प्रत्येक कॅसेटवर. याला गाता येत नव्हतं म्हणून.’’

चष्मेवाल्याने चष्मा काढला. ‘‘म्हणजे त्या बाई तुम्ही?’’

‘‘कुठल्या बाई?’’

‘‘यांचं गाणं थांबतं, बटणाचा खट्ट आवाज येतो, आणि त्यापुढे क्षणभर एका बाईचा आवाज असतो. बहुतेक सगळ्याच टेपांवर. मला वाटलं, आधी रेडिओवरचं काहीतरी भरलेलं असेल. ते...’’ तो जरा चाचरला. ‘‘ते मी साफ करून टाकलंय.’’

दोनदा! एकदा भावाने पुसलं आणि उरलंसुरलं या शहाण्याने साफ केलं. मी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत आला. ‘‘साफ केलंत? मी काय धूळ आहे?’’

‘‘नाही, नाही, लॅपटॉपवर केलं फक्त. टेपवर आहे,’’ तो घाईघाईने म्हणाला आणि त्याने कॅसेट लावली.

बारक्याचा घोगरा आवाज आला. थोडं चालून बघ, आरशापर्यंत जा. खट्ट. आणि मग एक मुलगी गायली:

परत ये,
परत ये.

एवढंच. दोनदा. दुसऱ्या वेळी सूर थोडा वर चढवून तिने तो अलगद सोडून दिला. मग नुसती टेपची खरखर.

ती मुलगी माझ्या ओळखीची होती, पण आता तिचा माझा संबंध नव्हता. तसा सूर मला पुन्हा लागणार नाही हे त्या क्षणी मला कळलं. आजवर मी बारक्यावर जळत होते, पण त्या पोरीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच कुणाचा वाटला नव्हता. तिला काही माहीत नव्हतं. मजेत गात होती.

राग कुणावर तरी काढायला हवाच होता. ‘‘तुला माहीत होतं हे?’’ मी बारक्याला विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पुसायचंच होतं तर सगळं पुसायचंस. ही शेपटी कशाला ठेवलीस?’’

बारक्या गिऱ्हाईकाशी बोलतो तसा, खाली बघतच बोलला. ‘‘ते ‘परत ये’ मला म्हणता येईना, ताई. लई प्रयत्न केला. तू म्हणतेस तसं यायचंच नाही. मग म्हटलं, त्याच्या आधीच थांबावं. तेवढं तरी तुझं राहील.’’

‘‘सगळ्या गाण्यांत?’’

‘‘सगळ्यांत. तू कुठे छान म्हटलंयस ते मला पाठ होतं. त्याच्या आत संपवायचो. मग स्टुडिओतही तसाच गायलो. सवय झाली होती.’’

‘‘तरीच!’’ भावजय म्हणाली. ‘‘मी कितीदा विचारलं, गाणं असं मधेच का तोडता, तर म्हणायचे, पुढे जागा नाही.’’

चष्मेवाला आ वासून बघत होता. ज्याला तो धाडस म्हणत होता, तरुण पोरं ज्याची नक्कल करत होती, ते सगळं माझ्या एका ओळीसाठी सोडलेली जागा होती. मला रडू फुटायला हवं होतं. फुटलंही असतं. पण डोक्यात भलतंच आलं.

‘‘अरे बावळटा, मग दुसरी कॅसेट घ्यायची होतीस ना! माझी तशीच ठेवायची, तुझं वेगळ्या कॅसेटवर भरायचं!’’

बारक्याने पहिल्यांदाच मान वर केली. त्याचा चेहरा असा झाला, की एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या मनाला शिवलीच नव्हती, हे सांगायची गरज उरली नाही.

‘‘सुचलंच नाही गं,’’ तो म्हणाला.

आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. मला राग येतच होता. एवढं सगळं ऐकून झाल्यावरही चांगुलपणाचा मान पुन्हा त्यालाच मिळाला होता. मी नुसतीच गायले होते, जपलं त्याने. त्यातसुद्धा तो माझ्यापेक्षा वरचढ.

चष्मेवाल्याने घसा साफ केला. ‘‘ताईंच्या आवाजातले हे शेवट ठेवायचे का? ठेवले तर... म्हणजे लोकांची जी समजूत आहे ती...’’

‘‘ताई म्हणेल तसं,’’ बारक्या म्हणाला.

निर्णयही मलाच द्यायचा होता. नको म्हणाले असते तर मी मोठ्या मनाची ठरले असते आणि त्याचं नाव तसंच चमकत राहिलं असतं. मी मोठ्या मनाची नाही.

‘‘ठेवा,’’ मी म्हटलं. ‘‘सगळे ठेवा. खट्ट आवाजासकट.’’

संग्रह निघाला. चष्मेवाल्याने आतल्या पानावर ‘शेवटचा आवाज: थोरली बहीण’ असं छापलं. घरी एकटी असताना मी ते गाणं पहिल्यापासून म्हणून बघितलं. ‘परत ये’च्या दुसऱ्या वेळी आवाज चढेना. खालच्या पट्टीत म्हटलं, तर ते ‘परत ये’ राहिलंच नाही, कुणाला तरी जेवायला हाक मारल्यासारखं वाटलं. मी नाद सोडला.

मागच्या आठवड्यात चष्मेवाल्याचा फोन आला. फार खुशीत होता. ‘‘ताई, लोक वेडे झालेत. सगळे तुमच्याबद्दलच विचारतात. त्या बाईंचं आणखी काही आहे का म्हणतात. एखादं पूर्ण गाणं? बघा ना, कुठे तरी असेल.’’

आयुष्यभर मी याच फोनची वाट बघत होते. खुर्ची ओढून बसले.

‘‘आहे की,’’ मी म्हटलं. ‘‘सगळी गाणी पूर्ण आहेत. तुमच्याकडेच आहेत. तो गातोय ना, त्याच्या खाली.’’