वळणावर घासणारी व्हॅन

"हात सोडा," मिस्त्री म्हणत.

चालत्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसून, अगदी शांतपणे. गिऱ्हाईक हिंदी बोलणारं असलं तर "हाथ छोड़ो", आपल्यापैकी असलं तर "हात सोडा". तुमच्यापैकी जे गाडी चालवतात त्यांना ठाऊक आहे, स्टिअरिंग सोडा म्हटलं की मूठ उलट घट्ट होते. माझीही झाली होती.

"सोडा नं भाऊ. तुमीच धरून राहिले तर गाडीले कोठं जायचं हाये ते मले कसं समजन?"

मी सोडलं. माझी जुनी गाडी लगेच डावीकडे निघाली. मिस्त्रींचा चेहरा खुलला. दुखणं नेमकं सापडल्यावर जुन्या डॉक्टरांचा खुलायचा, तसा.

चाकांची अलाइनमेंट करण्याचं त्यांचं दुकान आमच्याच वस्तीत, खुर्सीपारला होतं. दुकान म्हणजे वर पत्रे आणि खाली सिमेंटची जमीन. ती मात्र इतकी सपाट की पाणी ओतलं तर ते कुठे जावं या विचारात पडे. सामान म्हणजे दोन लांब सुतळ्या, खडू आणि बांबूची एक काठी. गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळ्या ताणायच्या आणि सुतळीपासून चाक पुढून किती, मागून किती, हे काठीनं मोजायचं. काठीवर चाकूनं खाचा केलेल्या होत्या. आकडे नव्हते. खाचा मिस्त्रींना पाठ होत्या.

पुढे मोठ्या रस्त्यावर याच कामाचं एक काचेचं दुकान निघालं. उद्घाटनाला फीत, हार आणि भाषण. चाकं सरळ असण्याचा देशाच्या प्रगतीशी काय संबंध आहे हे भाषणात सविस्तर सांगितलं गेलं. मी ते विसरलो, ही माझी चूक. तिथे काम झाल्यावर कागद मिळे. त्यावर चार हिरवे बाण. हिरवा बाण दिसला की माणूस पुढचं काही विचारत नाही. मी उभा जन्म इथल्या स्टील प्लांटच्या ऑफिसात कागद सरकवले आहेत, एवढं मला कळतं.

एक अधिकारी असा कागद घेऊन मिस्त्रींकडे आले. चारी बाण हिरवे, तरी गाडी डावीकडे ओढते. मिस्त्रींनी कागदाची घडी करून त्यांच्याच खिशात ठेवली आणि रोजच्या रस्त्यावर घेऊन चला म्हणाले. मीही मागे बसलो. जाताना गाडी डावीकडे गेली. मिस्त्रींनी ती वळवायला लावली आणि त्याच रस्त्यानं परत आणली. आता ती उजवीकडे गेली.

"गाडी चांगली हाये साहेब. रस्ताच तिरपा हाये."

"मग काय करायचं?"

"रस्त्याचं काम आपल्याकडे नाही."

असा हा माणूस. आणि त्याची स्वतःची व्हॅन मात्र साऱ्या खुर्सीपारच्या चेष्टेचा विषय होती.

व्हॅन जुनी, पांढरी. तिच्या पुढच्या स्प्रिंगा कापून आणि मागच्या कमानीतली पाती काढून ती खाली बसवलेली होती. हौशी पोरं लग्नाच्या वरातीसाठी बसवतात तशी. अशा गाडीचं काय होतं ते मिस्त्रींनीच मला एकदा समजावलं होतं. उंची गेली की चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेनं खाल्लं जातं, स्टिअरिंग वाकडं बसतं आणि पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतं. माझं घर गल्लीच्या तोंडाशी, वळणावरच आहे. रोज दुपारी मिस्त्री दुकानातून घरी येत तेव्हा माझ्या खिडकीखाली तो आवाज व्हायचा. खर्र.

एकदा ते बायकोला घेऊन निघाले होते. मी दारातूनच टोमणा मारला, "काय मिस्त्री, जगाची चाकं सरळ करता आणि स्वतःचं घासतं! या वयात हा शौक?"

त्यांनी आधी शेजारी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो भाऊ. शौक हाये."

वहिनी समोर पाहत राहिल्या. मीही आत जाऊन, लोकांना दिखाऊपणा किती आवडतो, यावर चहाबरोबर बराच विचार केला.

खरं कळलं ते काही महिन्यांनी. गाडीचं काही विचारायला मी दुपारीच त्यांच्या घरी गेलो. व्हॅन दारात होती. तिचं डावं दार धरून वहिनी उभ्या होत्या आणि मिस्त्री त्यांच्या पायाशी उकिडवे बसले होते. वहिनींना लकवा मारून गेला होता. उजवा पाय नीट उचलत नव्हता, आणि व्हॅनमध्ये चढताना नेमका तोच आधी टाकावा लागे. त्यांनी तो होता होईल तेवढा उचलला. तळव्याखाली मिस्त्रींनी काठी उभी धरली आणि नखानं खूण केली. तीच काठी, चाकं मोजायची. दुसऱ्या टोकाला आणखी खाचा होत्या, एकीखाली एक.

मग ते उठले आणि त्यांनी वहिनींचा दंड धरला.

"हात सोडा जी," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सोडला. म्हणजे हात दोन बोटांच्या अंतरावर नेऊन तसाच हवेत ठेवला. वहिनी चढल्या, बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "या नं भाऊजी, उभे कावून?"

नंतर दुकानात मी मिस्त्रींना म्हणालो, "पायाखाली एखादा पाट ठेवायचा. गाडी कशाला बिघडवली?"

"ठेवला होता. पाटावरून पडली थे. आता पाट पाह्यला का थरथरते."

"मग दारात ओटा बांधा."

"आपल्या दारात बांधीन. व्यायामाले नेतो त्या डॉक्टरच्या दारात कोण बांधून देईन?"

"मग उचलून बसवायचं, मिस्त्री."

त्यांनी सुतळी गुंडाळणं थांबवलं. "उचलून बसवली का रस्ताभर रडते भाऊ. आपल्या पायानं बसली का बोलते. बाजार दाखवते, पोरीच्या गोष्टी सांगते. मले बोललेली पाह्यजे."

माझा 'शौक' हा शब्द अजून तिथेच कुठेतरी पडलेला होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पण घासतं ते तरी काढा."

"थे ठेवलंच हाये. तिले उठून उभं व्हायले वेळ लागते. वळणावर आवाज झाला का थे उठाले लागते. मी दारात पोचतो तोवर उभी."

वर्षभर हे चाललं. पाय एक खाच उतरला की मिस्त्री व्हॅन तेवढी उतरवत, पुन्हा सुतळ्या बांधत आणि वाकडेपणा जमेल तेवढा कमी करत. पुढची टायरं वरचेवर बदलावी लागत. शेवटी व्हॅन इतकी खाली आली की खड्ड्यातही घासू लागली. "आता अजून नाही उतरत," ते एकदा म्हणाले. गाडीबद्दल, असं मी त्या वेळी समजलो.

थंडीतल्या एका दुपारी वळणावर खर्र झालं आणि बराच वेळ झाला तरी व्हॅन रोजच्यासारखी वहिनींना घेऊन परत बाहेर पडली नाही. मी पाहायला गेलो. वहिनी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मिस्त्री व्हॅनखाली उताणे पडले होते.

"काय झालं?"

"गाडी बंद पडली," वहिनी म्हणाल्या.

वहिनींच्या चपला व्हॅनच्या दाराशी तशाच होत्या. मी वाकून खाली पाहिलं. मिस्त्रींच्या हातात पाना नव्हता, काही नव्हतं. ते नुसते वर पाहत होते. जी गाडी अर्ध्या तासापूर्वी माझ्या खिडकीखालून गेली होती, ती बंद पडली होती.

"झाली का जी?" वहिनींनी विचारलं.

"होऊन राहिली."

"राहू द्या. उद्या करा." आणि मग थोड्या वेळानं, "घाई नाही."

त्यांनाही माहीत होतं. पाय पोचला नाही हे दोघांपैकी कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीही गाडी बंद होती, आणि तिसऱ्या. असं खोटं मी कागदावर पुष्कळ पाहिलं आहे, पण ते नेहमी स्वतःला वाचवायला लिहिलेलं असे.

त्याच थंडीत वहिनी गेल्या.

तेरवीनंतर मिस्त्री पुन्हा दुकानात जाऊ लागले. त्याच व्हॅननं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की दुपारी आवाज होत नाही. मला वाटलं, उंच केली असेल. पाहिलं तर व्हॅन तेवढीच खाली.

"टायर घासत नाही आता?" मी विचारलं.

"घासते नं. मी वळण मोठं घेतो." मग सुतळीची गाठ सोडत म्हणाले, "उगाच कोणी उठन."

पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. मुलगी नागपूरहून आली, तिनं दुकान आवरलं. काठी मी मागून घेतली. ती माझ्याकडे आहे. वरच्या टोकाच्या खाचा मला कळत नाहीत, खालच्या कळतात. व्हॅन जवळच्या कॅम्प-१ वस्तीतल्या एका हौशी पोरानं नेली. नेताना तो तिच्याभोवती दोनदा फिरला. "क्या मस्त बिठाई है अंकल! किसने काम किया?"

मी नाव सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

परवा दुपारी मी खिडकीशी वाचत बसलो होतो. ते पोरगं कुणाला तरी भेटायला आमच्या गल्लीत आलं असावं. त्याला मोठं वळण घ्यायचं काही कारण नव्हतं. खिडकीखाली खर्र झालं.

भानावर आलो तेव्हा पुस्तक खाली पडलेलं होतं आणि मी उठून उभा होतो.